पुढच्या चौकात सायकल असेल का?

२०१८ सालच्या १ जानेवारीला पॅरिसमध्ये नव्या 'वेलिब' योजनेची ६०० स्थानकं सुरू व्हायची होती. प्रत्यक्षात सुरू झाली ६४. वेलिब ही पॅरिसची सार्वजनिक सायकल योजना. तेव्हा ती दहा वर्षांची झाली होती आणि पॅरिसकरांच्या पुरती अंगवळणी पडली होती. घराजवळच्या स्थानकावरून सायकल उचलायची, कामाच्या ठिकाणाजवळ अडकवायची आणि विसरून जायचं. जुन्या ठेकेदाराची मुदत संपून काम नव्याकडे गेलं आणि ही सवय एका रात्रीत मोडली.

मुख्य अडचण सायकलींची नव्हती. नव्या योजनेत बऱ्याच सायकली विजेवर चालणाऱ्या होत्या आणि त्या स्थानकातच चार्ज व्हायच्या होत्या. त्यासाठी दर स्थानकाला वीजजोडणी हवी होती. रस्ते खणले, खांब उभे राहिले, पण वीज वेळेत पोचली नाही. मग अनेक स्थानकं तात्पुरत्या बॅटऱ्यांवर चालवण्यात आली. बॅटरी उतरली की स्थानक मुकं आणि तिथल्या सायकली कुलपात अडकलेल्या. ॲपवर सायकल दिसायची, जाऊन पाहावं तर ती सुटायची नाही. वसंत ऋतूत कर्मचाऱ्यांनी संप केला. वर्गणीदारांनी पैसे परत मागितले. ज्या शहराने जगाला सार्वजनिक सायकल कशी चालवायची ते दाखवलं, तेच शहर असं अडखळलं, म्हणून या प्रसंगाकडे नीट पाहावंसं वाटतं.

कारण आपल्याकडे सायकल योजनेची बातमी येते ती नेहमी सायकलींची असते. किती सायकली आल्या, कोणत्या रंगाच्या, कोणत्या मान्यवरांनी पहिली फेरी मारली. पण सायकल विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. नागरिकाला सायकलीचं विशेष कौतुक नसतं, त्याला भरवसा हवा असतो. आपण जिथे उभे आहोत तिथून चार-पाच मिनिटांत सायकल मिळेल, ती चालती असेल, आणि जिथे जायचं तिथे ती लावायला जागा असेल. या तीन गोष्टींपैकी एक जरी दोन-चारदा चुकली तरी माणूस पुन्हा रिक्षाला हात करतो आणि परत येत नाही. योजना आखायची म्हणजे हा भरवसा कसा टिकेल ते आखायचं.

भाड्याची सायकल आपल्याला नवी नाही. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक, कुठल्याही गावात चौकाचौकात सायकल मार्ट असे. तासाच्या भाड्याने सायकल मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घेई. अनामत क्वचितच लागे, कारण तो मुलाला ओळखत असे, निदान मुलाच्या वडिलांना तरी. सायकल हरवली तर कोणाचं दार ठोठावायचं हे त्याला ठाऊक होतं. मात्र सायकल जिथून घेतली तिथेच परत करावी लागे. ओळखीवर चालणारी व्यवस्था एका दुकानाची असते, ती शहरभर पसरत नाही. अनोळखी माणसाच्या हाती सायकल द्यायची आणि ती त्याने भलत्याच ठिकाणी सोडली तरी चालेल असं म्हणायचं, तर ओळखीची जागा कशाने भरून काढायची? सार्वजनिक सायकलीचा पहिल्या चाळीस वर्षांचा इतिहास हा बराचसा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

१९६५ साली ॲमस्टरडॅममधल्या 'प्रोव्हो' या तरुणांच्या चळवळीने उत्तर दिलं, की ओळखीची गरजच नाही. लुड स्खिमेलपेनिंक या कार्यकर्त्याच्या कल्पनेतून काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवण्यात आल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झालं की सोडून द्यावी. या सायकली चोरीला गेल्या असं नेहमी सांगितलं जातं, पण त्यांच्यावर पहिला हात टाकला तो पोलिसांनी. सायकल कुलूप न लावता सोडणं नियमाविरुद्ध होतं, म्हणून त्यांनी त्या जप्त केल्या. पुढे स्खिमेलपेनिंक नगरपरिषदेत निवडून गेला, पण योजना त्याला मंजूर करून घेता आली नाही. चोरीची खरी परीक्षा झाली ती इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये. १९९३ साली तिथे ३०० सायकली अशाच मोकळ्या सोडल्या आणि अल्पावधीत जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या.

कोपनहेगनने १९९५ साली हजारभर सायकली काढल्या, त्या नाण्यावर सुटायच्या. खाचेत २० क्रोनरचं नाणं टाका, सायकल घ्या, कुठल्याही ठरलेल्या स्टँडवर लावली की नाणं परत. सायकलीचे सुटे भागही मुद्दाम वेगळ्या मापाचे केलेले, म्हणजे काढून दुसऱ्या सायकलीला लावता येऊ नयेत. ही योजना २०१२ पर्यंत चालली, तेव्हा तिला फसलेली म्हणता येत नाही. पण २० क्रोनर ही एवढी छोटी अनामत होती की सायकल दिवसभर स्वतःजवळ ठेवायला कोणाला काही वाटत नसे, आणि नाणं टाकणारा कोण ते शेवटपर्यंत कळत नसे.

फ्रान्समधल्या रेन शहराने १९९८ साली कार्ड आणलं आणि इथे गाठ सुटली. कार्ड दाखवल्यावर सायकल सुटते, म्हणजे ती कोणाच्या नावावर आहे, किती वाजता सुटली, किती वाजता परत आली हे सगळं नोंदलं जातं. सायकल मार्टवाल्याची वही आता संगणकात गेली होती. २००५ साली लियाँने हीच पद्धत हजारो सायकलींवर नेली, आणि १५ जुलै २००७ ला, राष्ट्रीय दिनाच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसने वेलिब सुरू केली. सुरुवातीला सुमारे १० हजार सायकली आणि ७५० स्थानकं. पुढे ती संख्या २० हजारांच्या घरात आणि साडेचौदाशे स्थानकांपर्यंत नेण्यात आली.

पॅरिसचं वेगळेपण या आकारात होतं. त्याआधी लहानशी योजना काढून पाहावी, चालली तर वाढवावी, असा शहाणपणा सगळीकडे सांगितला जाई. महापौर बर्त्रां दलानोए यांच्या कारभाराने उलट केलं. शहरात सरासरी ३०० मीटरवर एक स्थानक, म्हणजे कुठेही उभे राहा, चार मिनिटं चाललात की सायकल. पॅरिसचं क्षेत्रफळ सुमारे १०५ चौरस किलोमीटर, त्यातली दोन मोठी वनं सोडली तर ८७. साडेचौदाशे स्थानकांना ८७ ने भागलं तर एका चौरस किलोमीटरला १६ ते १७ स्थानकं पडतात. एवढी जागा आणायची कुठून? बऱ्याच ठिकाणी रस्त्याकडेच्या मोटारींच्या पार्किंगमधून ती काढून घेण्यात आली. ज्या जागेत एक मोटार दिवसभर उभी असायची तिथे आता कित्येक सायकली लागू लागल्या. या निर्णयाला राजकीय धमक लागते. आपल्याकडच्या योजना नेमक्या इथे कच खातात आणि सायकलींना पदपथावर, म्हणजे चालणाऱ्याच्या वाट्यातून, जागा दिली जाते.

घनता हा शब्द नियोजनाच्या कागदपत्रांत सहज येऊन जातो, पण सगळी योजना त्याच्यावर उभी असते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण वॉशिंग्टनचं. तिथे २००८ साली स्मार्टबाइक नावाने १० स्थानकं आणि १२० सायकली सुरू झाल्या. दहा स्थानकांमध्ये तुमचं घर एका स्थानकाजवळ आणि ऑफिस दुसऱ्याजवळ असण्याची शक्यता किती? नगण्य. योजना मरगळलेलीच राहिली. शहराला सायकल नको असा निष्कर्ष काढून प्रशासनाला मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी ती गुंडाळून २०१० साली कॅपिटल बाइकशेअर आणली, तीही १,१०० सायकली आणि शंभराहून अधिक स्थानकांचं उद्दिष्ट ठेवून. तेच शहर, तेच रस्ते, तीच माणसं, आणि ही योजना अमेरिकेतल्या सगळ्यात यशस्वी योजनांपैकी एक ठरली. स्थानकं वाढली की त्यांच्यातल्या संभाव्य फेऱ्या कितीतरी पटीने वाढतात. दहा स्थानकांत ४५ जोड्या होतात, शंभरांत ४,९५०. म्हणून 'आधी पाच ठिकाणी करून पाहू' हा प्रयोग सावध वाटला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

आयटीडीपी या शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१३ साली जगभरच्या योजना तपासून काही ठोकताळे मांडले. योजनेचं क्षेत्र किमान १० चौरस किलोमीटर असावं, दर चौरस किलोमीटरला १० ते १६ स्थानकं असावीत, दर हजार रहिवाशांमागे १० ते ३० सायकली असाव्यात, आणि प्रत्येक सायकलीमागे २ ते अडीच जागा म्हणजे खाचा असाव्यात. हे आकडे आपल्या शहराला लावून पाहू. समजा पुण्यातला किंवा नाशिकचा १० चौरस किलोमीटरचा दाट वस्तीचा भाग घेतला, आणि तिथे चौरस किलोमीटरमागे २० हजार लोक राहतात असं धरलं. म्हणजे २ लाख रहिवासी. हजारी १० च्या किमान हिशोबाने २ हजार सायकली, १६ च्या हिशोबाने १६० स्थानकं. दर स्थानकावर सरासरी साडेबारा सायकली आणि २५ ते ३१ खाचा. एवढं झालं तर एका भागातली एक योजना पूर्ण झाली. संपूर्ण शहराला ५०० सायकली वाटून देणारी योजना कागदावर मोठी दिसते आणि रस्त्यावर कोणालाच सापडत नाही.

सायकलींच्या दुपटीहून अधिक खाचा का, हा प्रश्न इथे पडायला हवा, कारण त्यातच सगळ्यात अवघड दुखणं दडलेलं आहे. सकाळी वस्तीतल्या स्थानकांवरून सायकली निघतात आणि कचेऱ्यांच्या भागात जाऊन साचतात. साडेनऊला वस्तीतलं स्थानक रिकामं आणि कचेरीजवळचं तुडुंब. वस्तीत उशिरा निघणाऱ्याला सायकल मिळत नाही, हे तर सगळ्यांना दिसतं. कचेरीजवळ पोचलेल्याला सायकल लावायला खाच मिळत नाही, हे त्याहून जास्त चिडवणारं. तो सायकल घेऊन या स्थानकावरून त्या स्थानकावर फिरतो, कामावर उशीर होतो, वर भाड्याचा काटा चालूच असतो. संध्याकाळी हेच सगळं उलट दिशेने.

पॅरिसमध्ये याला चढउताराची जोड मिळाली. मोंमार्त्र आणि बेलव्हिल हे टेकड्यांवरचे भाग. माणसं तिथून सायकलवर आरामात उतरत आणि परत जाताना मेट्रोने जात. जवळपास २२ किलोची ती सायकल चढावर रेटायला कोण तयार होणार! टेकडीवरची स्थानकं रोज ओस पडू लागली. शेवटी २००८ साली, वरच्या भागातल्या स्थानकावर सायकल आणून लावणाऱ्याला १५ मिनिटांचा जास्तीचा मोफत वेळ मिळू लागला. न्यूयॉर्कने पुढे हाच विचार अधिक बारकाईने राबवला. तिथल्या सिटी बाइक योजनेत भरलेल्या स्थानकावरून सायकल काढून रिकाम्या स्थानकावर नेणाऱ्या सदस्यांना गुण मिळतात आणि त्या गुणांवर सवलती.

पण अशा बक्षिसांनी सगळं काम भागत नाही. उरलेलं काम माणसं करतात. टेम्पो आणि ट्रेलर रात्री आणि पहाटे फिरतात, भरलेल्या स्थानकावरच्या सायकली उचलतात आणि रिकाम्या स्थानकावर उतरवतात. ते चालवणाऱ्यांना कळत असतं की अमुक स्थानक आठ वाजता रिकामं होणार, तमुक पावणेदहाला भरणार, पाऊस आला तर दोन्ही नाही. सायकल योजनेच्या चालू खर्चातला मोठा वाटा या हलवाहलवीचा असतो. त्याच्या जोडीला दुरुस्ती: पंक्चर, सैल ब्रेक, उतरलेली चेन, फाटलेलं सीट. पॅरिसमध्ये सायकली दुरुस्त करण्यासाठी सेन नदीवर एक तरंगती कार्यशाळासुद्धा होती. नगरसेवकांच्या सभेत जेव्हा योजनेचा खर्च मांडला जातो तेव्हा सायकलीची किंमत सगळ्यांना पाठ असते. टेम्पोचं डिझेल, चालकाचा रात्रपाळीचा पगार आणि पंक्चर काढणाऱ्याची मजुरी यांच्यावर मात्र फार थोडे बोलतात. योजना जगते किंवा मरते ती याच तीन ओळींवर.

भाडं कसं आकारायचं, यातही एक सूत्र आहे. पॅरिसने पहिली ३० मिनिटं फुकट ठेवली. पुढच्या अर्ध्या तासाला १ युरो, त्यापुढच्याला २, मग दर अर्ध्या तासाला ४. वर्षाची वर्गणी २९ युरो. वरवर ही उदारता वाटते, पण हेतू असा की सायकल कोणाकडे अडकून राहू नये. शहरातल्या बहुतेक फेऱ्या अर्ध्या तासात संपतात. जो सायकल दिवसभर स्वतःजवळ ठेवेल त्याला ते महाग पडलं पाहिजे, कारण तेवढ्या वेळात तीच सायकल आणखी पाच-सहा जणांच्या उपयोगी पडली असती. चांगल्या चाललेल्या योजनेत एक सायकल दिवसाला ४ ते ८ फेऱ्या करते. त्याखाली गेली तर सायकली जास्त झाल्या किंवा स्थानकं चुकीच्या जागी पडली. त्याच्या फार वर गेली तर सायकल मिळेनाशी होते.

या सगळ्याचे पैसे कुठून येतात? पॅरिसने जेसी देको या जाहिरात कंपनीशी करार केला. कंपनीने योजना उभारायची आणि चालवायची, बदल्यात शहरातले सोळाशेहून अधिक जाहिरात फलक तिच्या ताब्यात. महापालिकेच्या तिजोरीतून थेट पैसा न जाता एवढी मोठी योजना उभी राहिली, म्हणून या कराराची जगभर वाहवा झाली. माझं मत जरा वेगळं आहे. ज्या कंपनीची मिळकत फलकांतून येते, तिच्या दृष्टीने सायकलीची प्रत्येक जास्तीची फेरी हा खर्च असतो. पहिल्या दोन वर्षांतच आठ हजारांच्या आसपास सायकली चोरीला गेल्या आणि त्याहून जास्त सायकलींची तोडफोड झाली. तेव्हा हा खर्च कोणी सोसायचा यावर वाद झाला आणि महापालिकेला त्यातला वाटा उचलावा लागला. फुकट मिळालेली योजना फुकट नव्हती. चीनमधल्या हांगचौने २००८ साली दुसरा रस्ता धरला. योजना शहराच्या स्वतःच्या सार्वजनिक कंपनीकडे, बसचं कार्ड तेच सायकलीचं कार्ड, पहिला तास मोफत. काही वर्षांत तिथे ६० हजारांवर सायकली झाल्या. बस जिथे सोडते तिथून घरापर्यंतचं शेवटचं अंतर ही शहराचीच जबाबदारी आहे, हे तिथे गृहीत धरलेलं होतं.

हेल्मेटचा मुद्दा थोडक्यात सांगून पुढे जातो. मेलबर्नमध्ये २०१० साली योजना सुरू झाली तेव्हा सायकलस्वाराला हेल्मेटची कायद्याने सक्ती होती. वाटेत अचानक सायकल घ्यावीशी वाटणाऱ्या माणसाकडे हेल्मेट असणार कुठून? स्वस्त हेल्मेट दुकानांत ठेवली, काही सायकलींना फुकट अडकवली, तरी सायकली उभ्याच राहिल्या आणि २०१९ मध्ये योजना बंद झाली. मेक्सिको सिटीने त्याच २०१० साली आपली इकोबिसी सुरू करताना सक्ती उठवली. तिथली योजना आजही चालू आहे.

यानंतर चीनमधून अशी लाट आली की स्थानक ही गोष्टच निकालात निघाली असं वाटावं. २०१४ साली बीजिंगमधल्या विद्यापीठाच्या आवारात ओफो सुरू झाली, २०१६ साली शांघायमध्ये मोबाइक रस्त्यावर आली. सायकलीच्या कुलपातच सगळी यंत्रणा. फोनवरून कोड स्कॅन करा, कुलूप उघडेल. काम झालं की जिथे असाल तिथे लावा आणि चालू लागा. खाचा नाहीत, खणणं नाही, वीजजोडणी नाही. गुंतवणूकदारांचा पैसा ओतला गेला आणि चिनी शहरांत लाखो सायकली उतरल्या. पण स्थानकाचा खर्च वाचला तो फक्त कंपनीचा. जागेचा प्रश्न पदपथावर येऊन पडला. मेट्रो स्टेशनांच्या तोंडाशी सायकलींचे ढीग लागले. शहरांनी बेवारस सायकली उचलून मैदानांत रचल्या, आणि श्यामेनसारख्या शहरातल्या त्या रंगीत डोंगरांची छायाचित्रं जगभर फिरली. नव्या गिऱ्हाइकांची अनामत हाच कंपन्यांचा खेळता पैसा होऊन बसला होता. २०१८ च्या अखेरीला ओफोच्या बीजिंगमधल्या कचेरीबाहेर अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या, आणि ऑनलाइन रांगेत एक कोटीहून अधिक माणसं होती.

या लाटेचं पाणी पुण्यापर्यंत आलं. २०१७ साली भारतात दोन योजना वेगळ्या वाटेने सुरू झाल्या होत्या. म्हैसूरची ट्रिन ट्रिन ४५० सायकली आणि ४८ स्थानकांची, भोपाळची ५०० सायकलींची. दोन्ही योजनांत स्थानकं होती आणि शहराच्या यंत्रणेचा सहभाग होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात 'पेडल' या खासगी सेवेच्या सायकली आल्या. पाठोपाठ ओफो, मोबाइक, युलू. सायकली कंपन्यांच्या, गुंतवणूक कंपन्यांची, महापालिकेने जागा द्यायची. पहिल्या काही महिन्यांचा उत्साह खरा होता. विद्यापीठाच्या मोठ्या आवारात या सायकलींची विद्यार्थ्यांना गरजच होती, आणि पुणेकराला सायकलवर बसायचं शिकवायला लागत नाही.

मग २०१८ च्या मध्यात ओफोने भारतातूनच काढता पाय घेतला. पेडल आणि मोबाइकही पुढे थांबल्या आणि युलू हळूहळू विजेच्या छोट्या दुचाकीकडे वळली. सीट नसलेल्या, चाक वाकलेल्या सायकली काही काळ कोपऱ्याकोपऱ्यांत दिसत राहिल्या. पुणेकरांना सायकलींची काळजी घेता आली नाही, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं आणि बोलून दाखवलं. मला ते अन्यायाचं वाटतं. तोडफोड पॅरिसमध्येही झाली, हजारोंच्या संख्येने झाली. फरक असा की तिथे करारबद्ध एक यंत्रणा होती, जिला मोडलेली सायकल उचलून दुरुस्त करून परत आणावीच लागे. मोडकी सायकल रस्त्यावर पडून राहिली की तिच्या शेजारची मोडायला वेळ लागत नाही. पुण्यात कंपन्यांवर तसं बंधन असतं आणि ते पाळून घेणारा महापालिकेचा माणूस असता, तर एका कंपनीचं शांघायमधलं किंवा बेंगळुरूमधलं गणित बिघडल्यावर पुण्यातल्या माणसाची रोजची फेरी बंद पडली नसती.

मग एखाद्या मराठी शहराने नव्याने सुरुवात करायची तर कुठून करावी? न्यूयॉर्कने २०१३ च्या मे महिन्यात सिटी बाइक सुरू करण्याआधी काय केलं ते इथे उपयोगी पडेल. स्थानक कुठे हवं ते नागरिकांनी नकाशावर दाखवावं असं आवाहन झालं आणि १० हजारांहून जास्त सूचना आल्या. शेजारी-शेजारी राहणाऱ्यांच्या बैठका घेतल्या गेल्या, कारण सायकल स्थानक सगळ्यांना हवं असतं, आपल्या दारासमोर कोणाला नको असतं. मध्येच सँडी वादळाने गोदामात ठेवलेली सामग्री पाण्यात गेली आणि सुरुवात लांबली. सुरू झाल्यावर पहिला आठवडा फक्त वार्षिक सदस्यांसाठी ठेवला, म्हणजे यंत्रणेवर एकदम ताण येऊ नये आणि चुका ओळखीच्या माणसांपुढे होऊन तिथेच दुरुस्त व्हाव्यात.

पुण्याच्या बाबतीत क्षेत्र निवडायचं तर वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा टप्पा डोळ्यांसमोर येतो. २०२२ साली तो सुरू झाला. मेट्रोतून उतरल्यावर कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांत, एरंडवण्यात, डेक्कनच्या कॉलेजांत जायचं अंतर दोन-तीन किलोमीटरचं आहे. चालायला जास्त, रिक्षावाल्याला कमी. तेवढाच दहा-बारा चौरस किलोमीटरचा भाग घ्यावा आणि तो गच्च भरावा. वर सांगितलेला दीडशे-दोनशे स्थानकांचा हिशोब इथे लागू पडतो. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता यांवर पदपथ रुंद झाले आहेत, पण स्थानक पदपथावर नको. पार्किंगच्या पट्टीतून जागा घ्यावी. ठेकेदाराला पैसे सायकलींच्या संख्येवर देऊ नयेत. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात किती स्थानकं किती मिनिटं रिकामी किंवा तुडुंब राहिली, आणि किती टक्के सायकली चालत्या स्थितीत होत्या, यावर बिल मंजूर व्हावं. हा हिशोब रोज सगळ्यांना पाहता येईल असा उघडा असावा.

आणि स्थानकं उचलता येतील अशी असावीत. माँट्रियलच्या बिक्सी योजनेने २००९ साली ती करून दाखवली. जड लोखंडी पाटांवर बसवलेली, सौर पॅनेलवर चालणारी, जमिनीत काहीही न पुरता क्रेनने ट्रकवर चढवता येणारी. पॅरिसला २०१८ मध्ये जी वीजजोडणी नडली तिची त्यांना गरजच नव्हती. तिथे हिवाळ्यात बर्फ काढावं लागतं म्हणून अगदी अलीकडेपर्यंत दर नोव्हेंबरात सगळी स्थानकं रस्त्यावरून उचलली जात आणि एप्रिलमध्ये पुन्हा मांडली जात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर फेऱ्या कमी होणार आणि चेनला गंज चढणार. त्या महिन्यांत निम्म्या सायकली आळीपाळीने कार्यशाळेत न्याव्यात, ब्रेकचे रबर आणि बेअरिंग बदलून घ्यावेत. गणेशोत्सवाचे मंडप उभे राहायला लागले की पेठांना लागून असलेली स्थानकं उचलून नदीकाठच्या आणि मेट्रो स्टेशनांजवळच्या जागी न्यावीत. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्ता आणि भोवतालचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि लाखो माणसं बाहेरून येतात. बंदोबस्ताच्या कडेला, जिथे बस थांबते तिथे, या सायकली तेव्हा सगळ्यात जास्त लागतील. कोणतं स्थानक कोणत्या तारखेला कुठे हलणार याची यादी वाहतूक पोलिसांच्या रस्ते-बंदच्या जाहीर पत्रकातच छापून यायला हवी.